गोणपाट, मांजरपाट, लिनन : घरच्या सर्फबोर्डला आणि फिनला कुठलं कापड चालेल?

खारावारा

सहा फूट दहा इंचांचा बोर्ड घरी करायला घेतलाय. ब्लँक (आतला गाभा) थर्माकोलचा, २० किलो प्रति घनमीटर घनतेचा. निक्रोमच्या तारेने आकार कापून झाला, मधे पाइनची पट्टी स्ट्रिंगर म्हणून चिकटवली. आता कापडापाशी येऊन थांबलोय.

रूढ पद्धत माहीत आहे. इपॉक्सी आणि काचेचं कापड. डेकवर (वरच्या बाजूला) ६ औंस आणि ४ औंस असे दोन थर, तळाला ६ औंसाचा एक. (औंस हे एका चौरस याराचं वजन. ४ औंस म्हणजे साधारण १३५ ग्रॅम प्रति चौरस मीटर, ६ औंस म्हणजे २००.) पण मला काच शक्यतो टाळायचीय. मालाडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर काम चालतं. काच घासली की तिची धूळ लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि खाज सुटते. शिवाय ज्या शहराने शंभराहून अधिक वर्षं कापड विणलं, तिथे बसून बोर्डाचं कापड परदेशातून मागवायचं हे मनाला पटत नाही.

मस्जिद बंदरला बारदानाच्या दुकानात तागाचं हेसियन, म्हणजे गोणपाट, बघितलं, साधारण ३०० जीएसएमचं (ग्रॅम प्रति चौरस मीटर). मंगळदास मार्केटला मांजरपाट आणि शर्टाचं लिनन मिळतंच. पूर्ण बोर्ड यातल्या एकाने मढवता येईल का? आणि फिन, म्हणजे बोर्डाखालचे पर? त्यांच्यासाठी तर कापडाचे थरच थर लागतात, तिथे ताग जास्त योग्य वाटतो. ज्यांनी हात घातलाय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

फायबरवाला

वर्सोव्याला होड्यांचं फायबरचं काम करतो. बोर्डही दुरुस्त करून देतो. गोणपाट रेझीनमधे भिजवून पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो.

आधी एक खात्री करा. थर्माकोलवर इपॉक्सीच. पॉलिस्टर रेझीनमधे स्टायरीन असतं, ते थर्माकोल खाऊन टाकतं. दुकानदार स्वस्त म्हणून पॉलिस्टरचा डबा पुढे करेल, घेऊ नका.

आता वजन मांडू. तुमच्या बोर्डाची एक बाजू, कडांवर दुमडायचा भाग धरून, १ चौरस मीटरच्या थोडी वर जाईल. तुम्ही लिहिलेले काचेचे तीन थर मिळून कापड होतं साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. काचेचं कापड हाताने नीट निथळवलं तर आपल्या वजनाइतकंच किंवा किंचित जास्त रेझीन धरतं. म्हणजे एकूण सव्वा किलोच्या आत. तागाचं हेसियन दोन्ही बाजूंना एकेक थर लावलंत तर कापड सव्वासहाशे ग्रॅम, पण ते रेझीन पितं स्वतःच्या दुप्पट ते अडीचपट. सूत जाड, विणीत भोकं, आणि धागा आतून पोकळ. बेरीज दोन किलोच्या आसपास गेली. पाऊण ते एक किलो जादा, आणि महाग रेझीनचा खर्चही तितकाच वाढला.

हे वजन घेऊन ताकद वाढली असती तर मी काही बोललो नसतो. पण हाताने केलेल्या तागाच्या लॅमिनेटची (रेझीनमधे वाळलेल्या थरांची) ताण सोसायची ताकद काचेच्या विणलेल्या लॅमिनेटच्या पाव ते एक तृतीयांश. शिवाय ताग दोन टक्क्यांच्या आतच ताणून तुटतो. डेकवर टाच बसते तिथे काचेला खळगा पडतो, तागाला चीर जाते. आणि चीर गेली की पाणी आत शिरतं.

म्हणून माझं मत: पूर्ण बोर्ड तागात नको. काच कमी करायची असेल तर कुठे कमी करायची ते आधी ठरवा.

गिरणगावकर

फायबरवाल्यांचं वजनाचं गणित बरोबर आहे. मी कापडाच्या बाजूने भर घालतो. गिरणीच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं, रेझीनचा अनुभव कमी, पण कापडात काय दडलेलं असतं ते सांगू शकतो.

तागाचा धागा कातण्याआधी तंतू मऊ करायला खनिज तेलाचं पाणी मारतात. गिरणीत त्याला बॅचिंग ऑइल म्हणतात. नव्या गोणपाटाला जो रॉकेलसारखा वास येतो तो याचाच. धान्याच्या पोत्यांसाठी तांदळाच्या कोंड्याचं तेल वापरलेला ताग येतो, त्याला तो वास नसतो, पण तेल असतंच. या तेलावर रेझीन पसरलेलं दिसतं, धरत मात्र नाही. लॅमिनेट वाळल्यावर वरून छान दिसतं आणि वाकवलं की धाग्यापासून सुटतं. तुम्ही वाचलेल्या अनेक 'ताग कमजोर निघाला' अशा अनुभवांमागे हे तेल असण्याची शक्यता मोठी.

मांजरपाटाला वेगळी अडचण. कोऱ्या कापडाच्या ताण्याला (उभ्या धाग्यांना) खळ असते, बहुतेक स्टार्चची. ती पाणी धरते आणि रेझीनला धाग्यात शिरू देत नाही. शर्टाच्या लिननला खळ नसते, पण हाताला मऊ लागावं म्हणून शेवटी सॉफ्टनर मारलेला असतो. तोही रेझीनचा शत्रूच.

उपाय तिन्हींना जवळजवळ एकच. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात पाणी, धुण्याचा सोडा आणि थोडी साबणाची पूड. त्यात कापड तासभर उकळायचं, पाणी बदलून पुन्हा. मग साध्या पाण्यात साबणाचा फेस जाईपर्यंत खळबळायचं. झालं की नाही ते बघायला कापडावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर तेल किंवा सॉफ्टनर आहे. क्षणात जिरला तर कापड तयार. खळीसाठी आयोडीनचा थेंब टाकून पाहा, निळाकाळा डाग पडला तर अजून उकळायला हवं.

प्रयोगशाळांमधे ताग ५ टक्के कॉस्टिक सोड्यात बुडवतात. त्याने धाग्यावरचं हेमिसेल्युलोज निघतं, पृष्ठभाग खरबरीत होतो, रेझीनची पकड सुधारते. घरी मी सुचवणार नाही. डोळ्यात उडालं तर डोळा जातो. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात तर अजिबात नाही, कॉस्टिक त्याला खाऊन हायड्रोजन सोडतं. धुण्याच्या सोड्यानेही अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं, म्हणून स्टीलच घ्या.

खारावारा

गिरणगावकर काका, तेलाचं कुठेच वाचलं नव्हतं. थेंब टाकून पाहिला, हेसियनवर चक्क उभा राहिला.

फायबरवाले, मग काच कुठे कमी करायची? आणि लिननबद्दल तुमचं काय मत? फ्रान्समधे नोटॉक्स नावाची कंपनी जवसाच्या, म्हणजे लिननच्याच तंतूच्या, कापडाचे बोर्ड करते, म्हणजे अशक्य तर नाही.

फायबरवाला

जवस सगळ्यात जवळ येतो, खरंय. ई-ग्लासचा (नेहमीच्या काचेच्या तंतूचा) ताठपणा ७० गिगापास्कलच्या आसपास. जवसाचा चांगला तंतू ५० ते ७० पर्यंत जातो. ताग बहुतेक १० ते ३० मधे राहतो. आणि घनता बघा: काच अडीच, जवस आणि ताग दीडच्या आत. वजनाच्या मानाने जवसाचा ताठपणा काचेला गाठतो.

पण तो जवस आणि तुमचं शर्टाचं लिनन यात फरक आहे. बोर्डाच्या जवसाच्या कापडात धागा जवळजवळ न पिळलेला, सपाट पट्टीसारखा असतो. शर्टाच्या कापडात धागा घट्ट पिळलेला, वीणही घट्ट. पिळात रेझीन आत शिरत नाही आणि पिळामुळे तंतू तिरका बसतो, ताण सरळ घेत नाही. शर्टाचं लिनन वापरा, पण गिरणगावकरांनी सांगितलं तसं उकळून, आणि पातळ इपॉक्सीने. आपल्याकडे सर्रास मिळणारं एलवाय ५५६ रेझीन आणि त्याला धरायला लावणारा एचवाय ९५१ हार्डनर, वजनाने १०० ला १०, हे या कामाला जाड आहे. बोर्डासाठीचं कमी चिकट इपॉक्सी घ्या.

दर्याकाठी

मी वेगळ्या दिशेने आले या विषयात. बोर्डावर छापील सुती कापडाचा इनले करतात, १९६०च्या दशकापासूनची जुनी रीत आहे. तिथे कापड ताकदीसाठी नसतंच. खाली फोम, त्यावर सुती कापड, त्यावर काचेचा पातळ थर. रंगकाम वाचतं, डेकला थोडा जाडपणा मिळतो.

मी आजीच्या जुन्या सुती नऊवारीचा तुकडा असा बसवलाय. वापरून मऊ झालेल्या साडीत खळ उरलेली नसते, धुवून धुवून सॉफ्टनरही नसतो, म्हणून ती रेझीन झटकन पिते. इरकलीचा काठ स्ट्रिंगरच्या दोन्ही बाजूंना उभा घेतला. रेझीनखाली रंग ओल्या कापडासारखे गडद होतात, हे आधी लक्षात घेऊन साडी निवडावी. फिकट रंग असेल तर खालचा फोम किंवा स्ट्रिंगर दिसतो. मलमल तर जवळजवळ पारदर्शक होते.

दोन गोष्टी तपासाव्यात. एक, कापड खरंच सुती आहे का. कडेचा दोरा काढून जाळायचा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख हाताने चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, असं कापड रेझीन पीत नाही. दुसरं, रंग सुटतो का. ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचं, मग थोड्या इपॉक्सीत एक चिंधी बुडवून ठेवायची.

खारावारा, तुम्हाला आपल्या शहराचं कापड बोर्डात हवंय ना? ही त्याची सगळ्यात सुरक्षित जागा. वजन वाढतं ते मलमलीच्या ६०-८० जीएसएमचं आणि तिने प्यायलेल्या रेझीनचं.

बांबूकाठी

मला इथला सूर थोडा बदलावासा वाटतो. सगळे काचेला प्रमाण मानून बोलताय. काच बोर्डावर आली दुसऱ्या महायुद्धानंतर, पॉलियुरेथेन फोम रुळला १९५०च्या दशकाच्या शेवटी. त्याआधी लाकडावर माणसं लाटा चढतच होती. ड्यूक कहानामोकूचा कोआ लाकडाचा बोर्ड १६ फूट लांब आणि ११४ पौंडांचा होता, ५० किलोंच्या वर. एक किलो जादा झालं तर काय बिघडलं? तागाचा अख्खा बोर्ड करा, जड होऊ द्या. मुंबईच्या लाटेला वजनदार, लांब बोर्डच बरा. आपल्यासमोर खंडाचा उथळ मंच तीनशे किलोमीटर पसरलाय, लाट किनाऱ्याला लागेपर्यंत दम गमावून बसते. तिथे हलक्या बोर्डाचा काय उपयोग?

फायबरवाला

बांबूकाठी, लांब बोर्डाचं म्हणणं मान्य. साडेनऊ फुटांचा बोर्ड असता तर किलोभर ताग मीही चालवून घेतला असता. माझा खरा आक्षेप ताकदीवर आणि पाण्यावर आहे. कोआचं लाकूड आतपर्यंत लाकूडच असतं, त्याला चीर गेली तरी बोर्ड टिकतो. इथे आत थर्माकोल आहे आणि वर जेमतेम मिलिमीटरभर कवच. त्या कवचाला चीर गेली की सगळं गेलं.

गिरणगावकर

पाण्याचा मुद्दा निघालाच आहे तर तो नीट बघू, कारण मुंबईत सगळं त्यावरच अडतं.

नैसर्गिक तंतू हवेतली वाफ धरून ठेवतो. ६५ टक्के आर्द्रतेला सुताचा ओलावा कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के धरतात, तागाचा पावणेचौदा. जुलैत आपल्याकडे आर्द्रता ८५-९० टक्क्यांना जाते, तेव्हा ताग त्याहून बराच जास्त ओला असतो. हाताला कोरडा लागतो, तरीही. हे पाणी रेझीनखाली कोंडलं की पकड कमकुवत होते आणि बारीक बुडबुडे राहतात. इपॉक्सीच्या हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर चिकट मेणासारखा थर धरतं, तो वेगळा. तो पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा थर चढवायचा नाही.

कापड ओव्हनमधे १०० ते १०५ अंशांवर तासभर वाळवा. ओव्हन नसेल तर कडक इस्त्री फिरवा, वाफ बंद ठेवून. आणि वाळवल्यावर लगेच रेझीन. उघड्यावर ठेवलेला ताग तासाभरात पुन्हा हवेतलं पाणी भरून घेतो. घडी करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवलात तर थोडा अवधी मिळतो.

खरं सांगायचं तर हे काम डिसेंबर-जानेवारीचं आहे. ऑक्टोबरच्या उन्हातही चालेल, पण तेव्हा रेझीन भराभर तापतं, हाताला वेळ मिळत नाही. पावसाळ्यात फक्त आकार कापा, लाकूडकाम करा.

पूर्वी कोळ्यांची मासेमारीची डोलीची जाळी अंबाडी-बोरूच्या आणि सुताच्या दोराची असत, नायलॉन आल्यावर ती गेली. ती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून, पुन्हा पुन्हा वाळवून जपावी लागत, कारण नुसता तंतू समुद्रात कुजतो. रेझीनमधे पूर्ण बंद असलेला तंतू कुजत नाही. पण घासताना एक टोक उघडं राहिलं की त्या पोकळ धाग्यातून पाणी आत चढत जातं. तंतू फुगतो, भोवतालच्या रेझीनला बारीक चिरा पाडतो, त्या चिरांतून आणखी पाणी. म्हणून ताग कुठेही सगळ्यात वरचा थर नको. वर काच, नाहीतर रेझीनचे दोन-तीन हात.

मासोळी

फिनबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि माझ्या मते तागाची खरी जागा तिथेच आहे. मी फिन बनवतो, बोर्ड नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

बोर्डाच्या कवचात ताग मार खातो कारण तिथे जाडी नको असते. फिनमधे जाडी आपल्याला हवीच असते. बाजूच्या फिनला ६ मिमी, मधल्या एकट्या मोठ्या फिनला ८-१० मिमी. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो: जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. आणि वाकताना सगळा ताण बाहेरच्या पृष्ठभागांवर येतो, मधला भाग फक्त त्या दोन पृष्ठभागांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतो. मग मधे काच भरून उपयोग काय? काचेचं लॅमिनेट १.७ घनतेचं, तागाचं १.२ च्या थोडं वर. गाभा तागाचा आणि साल काचेची, तर फिन हलकी होते आणि ताठपणा फारसा जात नाही. जवस किंवा तागाचा तंतू कंपनही काचेपेक्षा जास्त जिरवतो. फिन वेगात गुणगुणते, ते कमी झालेलं मला जाणवलंय.

६ मिमी निव्वळ काचेची करायची तर ६ औंसाचे चोवीस-पंचवीस थर लागतात. तागाचं ३०० जीएसएम दाबून बसवलं तर एक थर ०.६ ते ०.७ मिमी होतो. ४ मिमी गाभ्याला सहा थर पुरे.

आता महत्त्वाची गोष्ट. बरेच जण सपाट पॅनेल बनवतात, बाहेर काच आणि आत ताग, आणि मग त्यावर फिनचा आकार घासतात. असं करू नये. फिनला फॉइल (पंखासारखा निमुळता छेद) देताना पुढच्या आणि मागच्या कडेकडे वरचे थर घासून जातातच, म्हणजे नेमकी काच निघून जाते आणि ताग उघडा पडतो, तोही कडेला, जिथे दगड, वाळू, पाणी सगळं लागतं. गिरणगावकरांनी सांगितलेला पाण्याचा प्रवास तिथूनच सुरू होतो. लाकडी फिनला जुने कारागीर जे करतात तेच इथे करायचं:

तागाचं पॅनेल आधी नुसतं तयार करा. दोन जाड काचा, त्यांवर मायलर (प्लास्टिकचा पातळ कागद), मधे रेझीन प्यायलेले थर, वर वजन. हार्डनर मंद घ्या. एका वेळी जाड थर केला की रेझीन आतून तापतं, कधी कधी धूर निघतो. वाळल्यावर फिनचा आकार कापा, पण सगळीकडून १० मिमी आत. मग गाभा घासून फॉइल द्या. मग कडेभोवती काचेच्या रोविंगची (न विणलेल्या तंतूंची) दोरी रेझीनमधे भिजवून गुंडाळा, तीच पुढे पारदर्शक कड होते. शेवटी दोन्ही बाजूंना ६ औंसाचे दोन ते तीन थर, त्यातला एक ४५ अंशांत तिरपा, फिन पिळली जाऊ नये म्हणून. ताग उभा ठेवा, त्याचे ताण्याचे म्हणजे उभे धागे बुंध्यापासून टोकाकडे.

घासताना आता कडेला फक्त काच आणि रेझीन लागतं, ताग कुठेही उघडा पडत नाही.

टोकाला लवचीकपणा हवा असेल तर वरच्या तिसऱ्या भागात काचेचा एक थर कमी करा. अमेरिकन सर्फर जॉर्ज ग्रीनोने १९६०च्या दशकात टूना माशाच्या शेपटीकडे बघून फिनचा बुंधा रुंद आणि टोक बारीक, लवचीक ठेवलं, तोच विचार आहे हा.

खारावारा

मासोळी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून गच्चीवर चिकटवतोय. दोन शंका. बोर्डात बसणारा टॅब तागाचा चालेल का? आणि ताग न मिळाल्यास मांजरपाटाचा गाभा?

मासोळी

टॅब तागाचा नको. बारीक स्क्रू तिथे दाबून बसतो, ताग चेपतो आणि स्क्रू सैल होतो. बुंध्याचा खालचा २५ मिमी भाग निव्वळ काचेचा करून गाभ्याला सांधा द्या, सांधा तिरपा ठेवा.

मांजरपाटाचा गाभा उत्तम होतो. सुती कापड आणि फिनॉलिक रेझीनचे तक्ते आपल्याकडे कितीतरी वर्षं कारखान्यांत वापरतात, मुंबईच्या बाजारात हायलम म्हणून मिळतात. त्याचे गिअर आणि बेअरिंगचे बुश बनतात. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीचे पत्रे कापसाच्या टाकाऊ तंतूंचे आणि फिनॉलिक रेझीनचे होते. सूत तागापेक्षा बारीक, वीण एकसारखी, त्यामुळे घासताना दिसणाऱ्या थरांच्या रेषा सुरेख येतात आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या का ते त्या रेषांवरून कळतं. तागात रेषा पुसट येतात. फक्त थर जास्त लागतील.

दर्याकाठी

धुळीबद्दल एक. खारावारांनी काच टाळण्याचं कारण खाज हे दिलंय. सुताची किंवा तागाची धूळ खाजवत नाही म्हणून मास्क काढून ठेवू नका. गिरण्यांमधे कापसाच्या धुळीने कामगारांची छाती गेली, बिसिनोसिस हा आजार गिरणगावातल्या घराघरांना माहीत आहे. इथे त्या धुळीत अर्धवट वाळलेलं इपॉक्सीही असतं. ओलं घासा, पाणी मारत. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि हाताला लागलेलं रेझीन अ‍ॅसिटोनने धुवू नका. अ‍ॅसिटोन ते कातडीत आणखी आत नेतं. एकदा इपॉक्सीची अ‍ॅलर्जी जडली की हे काम सोडावं लागतं.

बांबूकाठी

मासोळींचा फिनचा युक्तिवाद पटला. पण मग पर्यावरणाचं काय? मी ताग ज्या कारणाने मागत होतो ते कारण उरतं का? थर्माकोल आणि इपॉक्सी तसंच राहिलं.

फायबरवाला

तागाचा बोर्ड कुजून मातीत जाईल असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. इपॉक्सी एकदा धरलं की धरलं. फायदा आहे तो काच वितळवायला लागणाऱ्या इंधनाचा, आणि फिनमधे काच वाचते त्याचा. त्याहून मोठा फायदा बोर्ड जास्त वर्षं टिकण्यात आहे. फुटलेला बोर्ड टाकून नवा करण्यापेक्षा जुना दुरुस्त केलेला बरा. माझ्याकडे आलेले बरेचसे बोर्ड लोक कचऱ्यात टाकायला निघालेले असतात.

रेझीनकडे बघायचं असेल तर कोकणाकडे बघा. काजूच्या टरफलाचं तेल पूर्वीपासून होडीच्या लाकडाला लावतात. त्याच तेलातल्या कार्डानॉलपासून फेनालकामाइन नावाचे हार्डनर बनतात, जहाजांच्या रंगात वापरतात. त्यांची खासियत अशी की ओलसर हवेत, अगदी दमट पृष्ठभागावरही ते नीट धरतात आणि तो अमाइनचा चिकट थर फारसा येत नाही. रंग लालसर तपकिरी असतो, म्हणून पांढऱ्या बोर्डाला लोक घेत नाहीत. फिनच्या तागाच्या गाभ्याला रंगाची काय अडचण? तो तसाही तपकिरीच दिसणार.

गिरणगावकर

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आर्द्रतेची निम्मी अडचण यातून सुटू शकेल. फक्त ताग वाळवणं सोडू नका, हार्डनर कितीही सोशीक असला तरी कोंडलेली वाफ कुठे जाणार?

मुंबईत हे विचारायला जागाही आहेत. माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था, सिरकॉट, १९२४ पासून आहे. घाटकोपरला बीटीआरए ही कापडसंशोधनाची संस्था आहे. धाग्याची ताकद आणि ओलावा मोजणं हे अशा संस्थांचं रोजचं काम. विद्यार्थी असाल तर प्रकल्प म्हणून घेऊन जा.

मासोळी

घरीही मोजता येतं. सगळ्या फिन करत बसण्याआधी पट्ट्या करा. एकाच जाडीच्या, २५ मिमी रुंद: निव्वळ काच, निव्वळ ताग, काच-ताग-काच, काच-मांजरपाट-काच. टेबलाच्या कडेला शिकंज्यात धरा, टोकाला सारखंच वजन टांगा, किती खाली आलं ते पट्टीने मोजा. मग दागिने तोलतात तसल्या छोट्या काट्यावर वजन करून समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवा. एका पट्टीची कड रेझीनने बंद, दुसरीची मुद्दाम उघडी. आठवड्याने वजन आणि कडेची जाडी पुन्हा मोजा. उघड्या कडेच्या तागात फरक दिसेल.

खारावारा

सगळं वाचून असं ठरवतोय, चूक असेल तर अडवा.

बोर्डाला तळाला ६ औंस काच एक थर. डेकला खाली उकळून वाळवलेली मलमल, पुढच्या भागात छापील, त्यावर ६ औंस आणि ४ औंस. कडांवर फक्त काच दुमडायची, मलमल कडेच्या इंचभर आत थांबवायची. फिन तीन, बाजूच्या दोन मासोळींच्या पद्धतीने तागाच्या गाभ्याच्या, मधली मांजरपाटाच्या गाभ्याची, म्हणजे दोन्ही एकाच पाण्यात तपासता येतील. टॅब काचेचे. पट्ट्यांची मोजमापं इथे टाकेन. काजूवाला हार्डनर कुणाकडे किरकोळ मिळतो का, किलोभरसुद्धा चालेल?

फायबरवाला

मलमल इंचभर आत थांबवणार ते बरोबर. तिची कड कात्रीने सरळ कापू नका, दोरे काढून झिरझिरीत करा, नाहीतर काचेखाली पायरी दिसेल आणि हॉटकोट (काचेवरचा रेझीनचा हात) घासताना तिथेच काच कापली जाईल.

मागच्या पायाखाली, टाच बसते तिथे, ४ औंसाचा एक तुकडा जास्त द्या. २० किलोचा थर्माकोल मऊ आहे, तिथे पहिला खळगा पडतो.

हार्डनर जहाजाच्या रंगांचे ठोक विक्रेते ठेवतात, पण डबे मोठे असतात. मासोळी, तुम्हालाही लागणार असेल तर तिघांत एक डबा घेऊ. रेझीनशी प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच धरा, एचवाय ९५१चं १०० ला १० इथे लावू नका.

मासोळी

मी आहे डब्यात. खारावारा, मधल्या फिनच्या बुंध्याची जाडी तुमच्या बॉक्समधे (बोर्डातल्या फिनच्या खाचेत) बसते का ते आधी कॅलिपरने मोजून सांगा. गाभ्यावर दोन्ही बाजूंनी काच चढल्यावर दीड मिमीपर्यंत वाढ होते, ती आधीच वजा करून गाभा घासावा लागेल.